चौदाशे एकोणीस नंबरचं नाव

रुकसाना बागवानला ओळखणारी माणसं दोन ठिकाणची. हिंजवडीच्या ऑफिसात तिला "रुकसाना मॅम" म्हणतात आणि तिच्या टेबलाशी जाण्याआधी दोनदा विचार करतात. मंडईत तिला अजून "शमशुद्दीनची पोरगी" म्हणतात आणि सीताफळं दाबून बघितली तर सरळ ओरडतात. वय सत्तेचाळीस. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नाही, तेव्हा आपणही नाक खुपसायचं कारण नाही.

काम काय करते म्हणाल, तर मोठ्या कंपन्यांचा डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर सुखरूप हलवते. घर बदलताना टेम्पोत सामान भरतात ना, तसलंच काम. फरक एवढाच की टेम्पोतलं कपाट हरवलं तर निदान आरडाओरडा होतो. इथं कपाट हरवलं तर असं काही कपाट होतं, हेच कुणाला कळत नाही.

या कामात ती पक्की झाली ती अब्बांमुळे. शमशुद्दीन बागवान यांचा मंडईत फळांचा गाळा होता. आंब्याची पेटी आली की ते वरच्या आंब्यांकडे ढुंकूनही बघत नसत. सगळं गवत उपसून थेट तळाशी हात. व्यापारी चिडायचे, "शमशुद्दीनभाई, विश्वास नाही का?" अब्बा म्हणायचे, "तुमच्यावर आहे हो, पेटीवर नाही." रुकसानाही तशीच. बॅकअप झाला असं मशीननं कितीही गोड शब्दांत सांगितलं, तरी तो दुसरीकडे उतरवून, शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती जागची हलायची नाही. वीस वर्षं तिनं हा नेम पाळला. मोडला एकदाच, आणि त्या एका दिवसानं तिचा पिच्छा सोडला नाही.

वाघोलीला म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे. रस्त्यावर सापडलेले, घरचा पत्ता विसरलेले, घरच्यांनी मुद्दाम विसरलेले, असे सगळे तिथं येतात. संस्थेचं ऑफिस पेठेत, माणसं वाघोलीत. रुकसानाची आई हमीदाबी शेवटच्या दिवसांत फार विसरायला लागली होती. एकदा मंडईतून निघाली ती थेट वाघोलीजवळ नगर रोडला सापडली. संस्थेतल्या कुणीतरी तिला दोन घास खाऊ घातले, गोडीनं नाव विचारून घेतलं, लिहून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी अम्मी घरी आली. पुढं ती गेली, पण आपल्या अंथरुणावर, आपल्या माणसांत गेली. ते उपकार फेडायचे म्हणून रुकसाना संस्थेच्या कॉम्प्युटरचं काम फुकट बघायची. एका माणसाचं नाव कुणीतरी नीट लिहून ठेवलं, तेवढ्यावर आपली आई परत आली, हे ती कधी विसरली नाही.

आता त्या ऑफिसची गंमत ऐका. सर्व्हर म्हणजे एक जुनं धूड होतं, सहा वर्षं न थांबता चालू. रोज संध्याकाळी त्याचा बॅकअप एका छोट्या डिस्कवर उतरायचा. डिस्क दोन होत्या, एकीवर अ लिहिलेलं, दुसरीवर ब. दर शनिवारी एक काढायची, दुसरी लावायची, आणि रजिस्टरमध्ये सही करायची. सही करायच्या व्यवस्थापक वासंतीताई. निवृत्त मुख्याध्यापिका. अक्षर मोत्यासारखं, शिस्त अशी की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकून चालायचं. पण डिस्क बदलायला टेबलाखाली वाकावं लागतं, आणि वासंतीताई वाकणाऱ्यांतल्या नव्हेत. ते काम शिपाई सीताराम करायचा. सही ताईंची, हात सीतारामचे. अशी व्यवस्था आपल्याकडे कुठल्या ऑफिसात नसते सांगा! पण हे रुकसानाला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, सही करणाराच डिस्क बदलतो. भाबडीच म्हणायची.

गेल्या वर्षी नवरात्रात एका शुक्रवारी कुणा रिक्षावाल्यानं एका म्हाताऱ्याला संस्थेत आणून सोडलं. पायाला लागलेलं, पण शुद्धीवर, बोलता चालता. संस्थेनं नुकतेच कागदी फॉर्म बंद केले होते, आणि त्याचा वासंतीताईंना कोण अभिमान! आमोद नावाचा एक कॉलेजवाला तेव्हा सेवेला यायचा. त्यानं नाव, गाव विचारून सगळं कॉम्प्युटरवर भरलं आणि म्हाताऱ्याच्या मनगटावर नंबराचा पट्टा बांधला. चौदाशे एकोणीस. पट्ट्यावर नाव नाही, फक्त नंबर. यंत्र लावलं की पडद्यावर नाव यायचं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सीताराम बायकोला घेऊन कुलदैवताला गेला होता, डिस्क कुणी बदलली नाही. वासंतीताईंनी सवयीनं सही मात्र केली. ब लावली, असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं.

पुढच्या बुधवारी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी कारागीर आपली हत्यारं पुसून पूजेला मांडतो, त्यांना विश्रांती देतो. सीतारामनं मनोभावे सर्व्हर बंद केला, पुसला, झेंडूची माळ घातली. मशीनला लावलेली अ डिस्क काढून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि जागा रिकामी नको म्हणून ड्रॉवरमधली ब तिथं लावून ठेवली. दसरा झाला, शुक्रवारी सीतारामनं बटण दाबलं, आणि सहा वर्षं न थांबलेलं ते मशीन काही उठेना. जुन्या यंत्रांचं असंच असतं, चालू आहेत तोवर चालतात, एकदा बसली की संपलं. सीतारामची बोबडी वळली. आपण मशीन मारलं, या भीतीनं त्यानं तोंडाला कुलूप घातलं. वासंतीताईंनी रुकसानाला फोन करून सांगितलं, "लाइट गेली असणार."

रुकसाना रविवारी सकाळी आली. नवा सर्व्हर भाड्यानं घेऊन ठेवलेलाच होता. महिन्यानं आरामात हलवायचं होतं, ते त्याच दिवशी करायची वेळ आली. मशीनला लावलेली डिस्क तिनं काढली. ब.

"दुसरी कुठाय?" तिनं विचारलं.

"ती मागच्या आठवड्याची. ही ताजी, पूजेआधीच्या शनिवारी लावलेली," वासंतीताईंनी रजिस्टर पुढं सरकवलं. "वाच की. मराठीतच आहे."

रुकसानानं वाचलं. सोमवारी हिंजवडीत मोठं काम होतं, वरिष्ठांचे फोनवर फोन येत होते. तिनं ब वरची फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली, त्यामुळे फाइलवर तारीख दिसली ती त्या दिवसाचीच. नव्या सर्व्हरवर चढवली. माणसांची यादी दिसली, फोटो दिसले, पडद्यावर हिरव्या अक्षरांत "यशस्वी" असं आलं. वरचे आंबे छान पिवळेधमक होते. तळ तिनं बघितला नाही. शेवटची नोंद कुठल्या तारखेची, हे बघायला अर्धं मिनिट लागतं हो! त्या अर्ध्या मिनिटाचं तिला पुढं वर्षभर काय झालं, ते तिचं तिलाच ठाऊक.

मंगळवारी वाघोलीहून नर्स नंदाचा फोन आला. नंदा नवरात्रात रजेवर होती, नुकतीच परतली होती.

"ताई, हे काय भलतंच? एका आजोबांना गोळी द्यायची म्हणून पट्ट्याला यंत्र लावलं, तर पडद्यावर येतंय रखमाबाई, स्त्री, मधुमेह."

 ब डिस्कवर मशीन बंद होण्याच्या अकरा दिवस आधीचा डेटा होता. त्या अकरा दिवसांत आलेली तीन माणसं नव्या सर्व्हरच्या लेखी आलीच नव्हती, म्हणून सोमवारी आलेल्या तिघांना मशीननं तेच नंबर पुन्हा वाटून टाकले होते. तिघांपैकी दोघं बोलत होते, त्यांची नावं पुन्हा विचारून घेतली. तिसरा चौदाशे एकोणीस. त्याला दसऱ्याच्या दिवशीच झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नंदाच्या जागी आलेली बदली बाई त्याला नंबरानंच ओळखायची.

आमोदला फोन लावला. तो तोवर शिकायला परदेशी पोचला होता. "नाव? काहीतरी राव होतं, ताई. सॉरी, खरंच आठवत नाही. बोलत मात्र खूप होते. बायकोबद्दल काहीतरी सांगत होते."

काहीतरी राव. एवढंच उरलं.

आधारच्या यंत्रावर त्याची बोटं ठेवून बघितली. यंत्रानं नकार दिला, कारण आयुष्यभराच्या कष्टानं त्या बोटांवर ठसेच उरले नव्हते. वर्तमानपत्रात फोटो दिला, कुणी आलं नाही. अ डिस्क कुठाय म्हणून रुकसानानं ऑफिस डोक्यावर घेतलं. वासंतीताईंनी ड्रॉवर बघितला, रिकामा. बंद पडलेलं मशीन त्यांनी सोमवारीच भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. मग रजिस्टर उघडून लिहिलं, "अ डिस्क बंद मशीनबरोबर भंगारात गेली", आणि खाली सही केली. दिसत नाही म्हणजे भंगारात गेली, हा त्यांचा हिशेब. भंगारवाल्याकडे रुकसाना स्वतः जाऊन आली. मशीनचे तुकडेसुद्धा राहिले नव्हते. सीतारामला कुणी काही विचारलं नाही. शिपायाला काय विचारायचं? आणि विचारल्याशिवाय सांगायला तो काही वेडा नव्हता.

नव्या यादीत म्हाताऱ्याची नोंद झाली ती अशी: अनामिक पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर. नंबर नवा दिला. पण जुना पट्टा कापायला गेलं की तो मनगट छातीशी धरायचा आणि घशातून असा काही आवाज काढायचा की नंदाचा हात थांबायचा. शेवटी पट्टा राहू दिला. यंत्र चुकून त्या पट्ट्यावर गेलं की पडद्यावर अजूनही रखमाबाई उमटायची.

रुकसाना दर रविवारी वाघोलीला जायला लागली. मंडईतून मोसंबी घ्यायची, बस पकडायची, त्याच्या खाटेशी बसायची आणि वहीतून नावं वाचायची. आनंदराव, बाजीराव, भगवानराव, भीमराव, दौलतराव. प्रत्येक नावानंतर थांबायची, चेहरा बघायची. तो तिच्याकडे टक लावून बघायचा. चेहऱ्यावर एक रेघ हलायची नाही. वही संपली की ती नवीन नावं गोळा करायची, दुकानांच्या पाट्यांवरून, पोस्टरांवरून, लग्नपत्रिकांवरून. हिंजवडीच्या बसमध्ये गर्दीत अडकलेली असताना शेजारच्या ट्रकवर मालकाचं नाव दिसलं, तर लगेच टिपून घ्यायची. शेजारी बसलेल्या मुलीनं एकदा विचारलं, "मॅम, कादंबरी लिहिताय का?" रुकसानानं वही मिटली.

पण तिला खरं छळायचा तो त्याचा डावा हात. ती खाली वाकली की तो हात हळूहळू वर यायचा, थरथरत तिच्या कपाळापाशी, आणि अंगठा हवेत एकदा घासल्यासारखा व्हायचा. मग हात खाली. दर रविवारी. नंदा म्हणायची, "आशीर्वाद देतात हो, मलाही देतात." पण नंदाच्या कपाळावर टिकली होती. रुकसानाचं कपाळ मोकळं. तिच्या मनानं वेगळाच अर्थ घेतला. हा माणूस आपलं मोकळं कपाळ दाखवतोय. म्हणतोय, तू आमच्यातली नाहीस, तू माझं नाव घालवलंस. पेठेत जन्म गेला, असले टोमणे तिनं कधी मनाला लावून घेतले नव्हते. हा न बोललेला टोमणा मात्र काळजात रुतून बसला.

ऑफिसात कुठंही हिरवं "यशस्वी" दिसलं की तिला तो अंगठा दिसायचा. भर दुपारी, मीटिंगमध्ये, लोकांसमोर. एकच डेटा ती चार चारदा तपासायला लागली. हाताखालची मुलं कंटाळली. जेवताना तोंडातला घास तसाच राहायचा. एकदा अब्बांनी विचारलं, "काय गं, कुणाला शोधतेस?"

"एका पेटीचा तळ बघितला नाही, अब्बा."

"मग आता बघ."

"पेटीच नाही राहिली."

अब्बांनी मोसंबं सोलून एक फोड तिच्या हातावर ठेवली. तिला रडू आलं. ती वीस वर्षांत अब्बांसमोर रडली नव्हती.

असं वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. वासंतीताईंनी सगळ्यांना पूजेला बोलावलं होतं. रुकसानाची जायची इच्छा नव्हती, पण सकाळी नऊला नाइलाजानं जाऊन एका खुर्चीत बसली. सीतारामनं पाट मांडला, छापायचं यंत्र पुसलं, पंचिंग मशीन पुसलं. मग स्टुलावर चढून देवाच्या फळीवरून, तसबिरीच्या मागून, एक लाल फडक्यातली पुरचुंडी काढली.

"हे काय, सीतारामकाका?" रुकसानानं सहज विचारलं.

"मागल्या सालची पूजा हाय ताई. ती उतरवायची, मग नवी मांडायची." त्यानं गाठ सोडली. आत वाळलेला झेंडू, आणि झेंडूखाली हळदीकुंकवानं माखलेली छोटी काळी डिस्क. कुंकवाखालून अर्धं अक्षर दिसत होतं. अ.

रुकसाना उठली ती खुर्ची पाडूनच. "ही... ही इथं कशी?"

सीताराम घाबरला. फडकं छातीशी धरून म्हणाला, "माझी चूक झाली ताई. मशीन मीच बंद केलं हुतं, ते मेलं. पर हिला मी फेकली न्हाई. वासंतीताई म्हनत्यात ना, ह्यात समद्यांची नावं असत्यात. म्हनलं, नावं हायेत तर देवाजवळच ऱ्हाऊ द्या."

 वासंतीताईंनी रजिस्टर उघडलं, मागची पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "त्या शनिवारची सही माझी आहे," त्या म्हणाल्या, "आणि भंगाराचीही." एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. रुकसानाला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. शेवटची तारीख न बघणारी ती स्वतः होती.

डिस्कच्या खाचेत कुंकू घट्ट बसलं होतं. रुकसानानं दात घासायचा नवा ब्रश मागवला आणि टाचणीनं, ब्रशनं, फुंकरीनं तासभर ते कणाकणानं बाहेर काढलं.  डिस्क जोडली, पण उघडली नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढून घेतली, मग त्या नकलेची आणखी एक. मग एका रिकाम्या मशीनवर डेटा उतरवला. हिरवं "यशस्वी" आलं. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ तळाशी गेली. शेवटची नोंद खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. मग चौदाशे एकोणीस.

भीमराव धोत्रे. वय चौऱ्याहत्तर. दगडकाम. शिरूरच्या पुढं खडकवस्ती. खाली आमोदनं भरलेला शेरा होता: "पत्नी इंदुबाई, डोळ्यांनी दिसत नाही, घरी एकटी आहे. तिच्या डोळ्यांचं विचारायला दवाखान्यात आले होते, वाट चुकले. डेअरीत फोन करून तिला सांगा, दोन दिवसांत येतो म्हणून." आणि डेअरीचा नंबर. नवरात्राच्या गडबडीत तो कुणी लावलाच नव्हता.

भीमराव. हे नाव तिनं तिसऱ्याच रविवारी वाचलं होतं. रुकसानानं वही काढून बघितली, नावापुढं तिनंच फुली मारलेली होती. आणि दोन दिवसांत येतो हा निरोप देवाच्या तसबिरीमागं वर्षभर पडून होता. 

डेअरीत फोन लावला. पलीकडच्या माणसानं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मिस्त्री? आमचे मिस्त्री जित्ते हायेत?"

"मिस्त्री?"

"वाडीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हनत्यात. भीमराव कोन म्हनतंय? म्हातारी तर नवऱ्याचं नावच घेत न्हाई." त्यानं सांगितलं, तालुक्याला तक्रार दिली होती, पण घरात मिस्त्रीचा एक फोटो नव्हता. म्हातारीला विचारलं कसे दिसतात, तर तिनं वीस वर्षांत बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. डेअरीवाला गाडी घेऊन वाघोलीला आला, मागं इंदुबाई. बारकी, वाळलेली, नऊवारी नेसलेली. कपाळावर कुंकू होतं, पण डाव्या भुवईकडे सरकलेलं, खाली ओघळ आलेला. नंदानं तिला हाताला धरून खाटेशी आणलं. खाटेवर भीमराव डोळे मिटून पडला होता. डेअरीवाला दाराशीच रडायला लागला, "हेच हो, हेच!"

इंदुबाई मात्र हलली नाही. "तुमी म्हनताय म्हनून मी कशी मानू?" ती म्हणाली. "बोलू द्या त्यांना."

"आजी, त्यांची वाचा गेलीय," नंदा म्हणाली.

"मग मी कशावरनं वळखू? मला दिसत न्हाई, ह्यांना बोलता येत न्हाई. उद्या दुसऱ्याचाच मानूस घरी न्यायची का मी?"

आता आली का पंचाईत!  नाव सापडलं, गाव सापडलं, बायको समोर उभी, आणि घोडं इथं येऊन अडलं. डिस्कवर फोटो होता, पण फोटो कुणाला दाखवायचा? नंदानं म्हातारीचा हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरवला. "वाळलेत लई," ती म्हणाली. "ह्यांचं गाल भरल्यालं हुतं." आणि हात काढून घेतला.

त्या स्पर्शानं भीमरावनं डोळे उघडले. खाटेवर वाकलेला तो चेहरा त्यानं कितीतरी वेळ बघितला. मग डावा हात हळूहळू वर आला. थरथरत इंदुबाईच्या कपाळापाशी गेला, आणि या वेळी अंगठा हवेत राहिला नाही. भुवईकडचा ओघळ त्यानं पुसला, सरकलेलं कुंकू अंगठ्यानं ओढून मधोमध आणलं, गोल केलं, आणि हात खाली टाकला.

इंदुबाई खाली बसली. "डावखुरं हायेत," ती नुसतं म्हणाली. "रोज कामाला जाताना माझं कुंकू सरळ करायचं आन् मंग हत्यारांची पिशवी उचलायची." तो अंगठा तिनं दोन्ही हातांत धरला, आणि मग ती अशी रडायला लागली की वॉर्डातल्या सगळ्या खाटा जाग्या झाल्या.

रुकसाना भिंतीला टेकून उभी होती. वर्षभर दर रविवारी हा माणूस आपल्या कपाळावर काय शोधत होता, ते तिला आत्ता कळलं. तो कुणाला टोमणा मारत नव्हता. वाकणाऱ्या प्रत्येक बाईत तो एक वाकडं कुंकू बघत होता. ती पुढं झाली, इंदुबाईशेजारी फरशीवर बसली.

"आजी, यांचं नाव माझ्यामुळे हरवलं. दोन दिवसांत येतो असा निरोप होता तुमच्यासाठी. मी नीट बघितलं नाही, म्हणून तो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. तुमचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं."

इंदुबाई रडायची थांबली. आंधळे डोळे तिच्या दिशेनं वळले.

"वरीसभर वाडीतल्या बाया म्हनत हुत्या, पूस आता ते कुंकू," ती म्हणाली. "मी न्हाई पुसलं. वाकडं तर वाकडं. पोरं हसायची मला. रोज दाराला कडी न लावता बसायची मी. माझं वरीस आता कोन देनार गं, तू?"

 रुकसानानं मान खाली घातली. कुणी तिला सावरायला आलं नाही, आणि ते बरंच झालं. बाहेर पोरं आपट्याची पानं घेऊन खाटाखाटांवर वाटत होती. भीमरावच्या मनगटावरचा पट्टा नंदानं कात्रीनं कापला. या वेळी त्यानं हात आखडला नाही.

खूप वेळानं इंदुबाईनं पदरानं चेहरा पुसला, कपाळ मात्र सांभाळून. मग रुकसानाचा खांदा चाचपला.

"सरळ हाय का गं आता? बघून सांग."

रुकसाना गुडघ्यांवर उठली. समोरून बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. डोळे पुसले आणि पुन्हा एकदा बघितलं.

"सरळ आहे, आजी."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं," रुकसाना म्हणाली.